हजेरीत नसलेली माणसे : ‘क्वेट्टा’ आगबोटीची गोष्ट

ऑस्ट्रेलियाचा नकाशा भिंतीवर लावला की मुले पहिले बोट ठेवतात ते उजव्या हाताला वर आलेल्या शिंगावर. ते केप यॉर्क. त्याच्या टोकापलीकडे टॉरेसची सामुद्रधुनी आणि तिच्या पलीकडे न्यू गिनी. टोकाजवळच माउंट ॲडॉल्फस नावाचे एक बेट आहे आणि त्या बेटाशेजारच्या पाण्यात, मोठ्या नकाशातच सापडेल असा, एक खडक आहे. त्या खडकाचे नाव ‘क्वेट्टा’.

बलुचिस्तानातल्या डोंगराळ शहराचे नाव ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातल्या खडकाला कसे मिळाले, ही गोष्ट आमच्या पिढीच्या बहुतेकांना ठाऊक नाही. या देशात आमची मुले शिकली, नातवंडे शिकत आहेत, तरी त्यांच्या पुस्तकांतून ती क्वचितच भेटते. आगमनाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आपण कोण, कुठून, कधी आलो याचा हिशोब मांडतो आहोत. अशा वेळी ‘क्वेट्टा’ची गोष्ट सांगायला हवी, असे आम्हाला वाटले. कारण ती जशी बुडालेल्या बोटीची आहे, तशीच हिशोबात न धरलेल्या माणसांचीही आहे.

बोट आणि तिचा मार्ग

‘क्वेट्टा’ ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची आगबोट. स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे विल्यम डेनी अँड ब्रदर्स यांच्या कारखान्यात ती १८८१ साली बांधली गेली. लांबी ३८० फूट, वजन तीन हजार टनांच्या वर, सांगाडा लोखंडी. या कंपनीची आपल्या बोटींना नावे देण्याची एक रीत होती. पूर्वेकडच्या एखाद्या गावाचे नाव घ्यायचे आणि त्याचा शेवट ‘आ’ने व्हायला हवा. म्हणून कर्नाटकातल्या मडिकेरीची ‘मर्कारा’ झाली, रांचीजवळच्या डोरंड्याची ‘डोरुंडा’ झाली आणि बलुचिस्तानातल्या लष्करी ठाण्याची ‘क्वेट्टा’.

क्वीन्सलंड ही त्या काळी स्वतंत्र वसाहत होती. सिडनी आणि मेलबर्न यांना मिळणारी टपाल-बोट दक्षिणेकडून येई आणि ब्रिस्बेनच्या वाट्याला पत्रे उशिरा येत. म्हणून क्वीन्सलंड सरकारने या कंपनीशी स्वतःचा टपालाचा करार केला आणि १८८१ पासून लंडनहून सुएझ कालव्यातून, जावातील बटाविया म्हणजे आजच्या जाकार्ताजवळून, टॉरेसच्या सामुद्रधुनीतून ब्रिस्बेनपर्यंत बोटी सुरू झाल्या. येताना त्या इंग्लंड-आयर्लंडमधून वसाहतीसाठी माणसे आणत. जाताना लोकर, मांस, टपाल आणि मायदेशी निघालेले प्रवासी नेत. क्वीन्सलंडच्या पुष्कळ गोऱ्या कुटुंबांचे पूर्वज याच बोटींतून उतरले.

बोट चालवणारे हात मात्र बहुतांशी हिंदी होते. त्यांना इंग्रजीत ‘लास्कर’ म्हणत. शब्द आपल्याच ओळखीचा, ‘लष्कर’ या फारशी शब्दावरून आलेला. डेकवरच्या खलाशांच्या टोळीचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखालचा टंडेल, सुकाणूवर बसणारा सुखानी, स्वयंपाक करणारा भंडारी. कोकणात वाढलेल्यांना हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. सारंग आणि तांडेल ही आजही आपल्या किनाऱ्यावरची आडनावे आहेत. शाळेच्या पटावर ती आम्ही स्वतः लिहिली आहेत.

ब्रिटिश इंडिया कंपनीचे ठाणे कोलकात्याला होते आणि तिकडे भरती व्हायची ती नोआखाली, चितगाव, सिल्हेट या भागांतून. मुंबईहून भरती करणाऱ्या पी अँड ओ सारख्या कंपन्यांच्या बोटींवर डेकवर रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्याचे खलाशी असत, इंजिनखान्यात पंजाब आणि सरहद्दीकडचे आणि जेवणघरात गोव्याचे. तेव्हा ‘क्वेट्टा’वरचे खलाशी सगळे आपल्या कोकणचे होते, असे आम्ही म्हणणार नाही. पण हुद्दे तेच, करार तोच, पगार तोच आणि बोटीवरची जागाही तीच. चितगावच्या सारंगाची गोष्ट आणि हर्णे-दाभोळच्या सारंगाची गोष्ट वेगळी काढता येत नाही.

हा करार कसा होता तेही सांगायला हवे. लास्करांना वेगळ्या कागदावर अंगठा द्यावा लागे. त्यांना हिंदुस्थानातल्या बंदरात नोकरीवर घ्यायचे आणि परत हिंदुस्थानातच सोडायचे, वाटेत कुठे सोडायचे नाही, अशी त्यात अट असे. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, कित्येकदा त्याहून कमी. झोपायच्या जागेचाही कायदा होता. इंग्रज खलाशाला माणशी ७२ घनफूट, लास्कराला ३६. बरोबर निम्मी. वर्गात हे गणित घातले तर चौथीतली मुलेसुद्धा विचारतात, “बाई, निम्मीच का?”

२८ फेब्रुवारी १८९०

फेब्रुवारी १८९० मध्ये ‘क्वेट्टा’ ब्रिस्बेनहून लंडनला निघाली. किनाऱ्यावरच्या बंदरांतून प्रवासी घेत ती उत्तरेकडे सरकत होती. बोटीवर एकूण २९२ माणसे. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गात वसाहतीतील गोरी कुटुंबे होती. डेकवर सत्तरच्या आसपास जावानी मजूर होते. क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांतली कराराची मुदत संपवून ते बटावियाला, घरी निघाले होते. बाकी कप्तान, गोरे अधिकारी आणि शंभरहून अधिक खलाशी.

२८ फेब्रुवारीची रात्र स्वच्छ होती. चांदणे होते, समुद्र शांत होता. बोटीचे कप्तान सँडर्स यांच्याबरोबर पुलावर वाटाड्या म्हणून कीटिंग हे अनुभवी पायलट होते. टॉरेसच्या सामुद्रधुनीत प्रवाळाचे खडक इतके की तिथला वाटाड्या घेतल्यावाचून मोठी बोट जात नसे. थर्सडे आयलंड हे पुढचे बंदर काही तासांवर आले होते. रात्री सव्वानऊच्या सुमारास, बोट पूर्ण वेगात असताना, तिचा तळ एका खडकावर घासला. नकाशात त्या जागी खडक नव्हता.

नकाशात तो का नव्हता, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी समुद्राची खोली मोजायची ती दोरीने. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा बांधायचा, त्याच्या बुडाला चरबी लावायची, गोळा तळाला टेकला की दोरीवरच्या खुणा पाहून खोली लिहायची. चरबीला चिकटलेल्या वाळूवरून, शंखावरून तळ कसा आहे ते कळे. होडी एका सरळ रेषेत जाई आणि ठरावीक अंतरावर गोळा टाकी. मग पुढची रेषा. दोन रेषांमधली जागा कोरी राही. उंच, निमुळता, सुईसारखा उभा खडक त्या कोऱ्या जागेत राहिला तर तो नकाशात येतच नसे. त्या वाटेने वर्षानुवर्षे बोटी गेल्या. ‘क्वेट्टा’ स्वतः गेली. थोड्या वारांच्या फरकाने प्रत्येक बोट त्या खडकाला चुकवत गेली. त्या रात्री चुकवले गेले नाही.

खडकाने बोटीचा तळ नाळेपासून मध्यावरच्या इंजिनखान्यापर्यंत फाडला. भोक बुजवावे, पंप लावावे, बोट उथळ पाण्यात न्यावी, यातले काही करण्याइतका अवधी नव्हता. पाच मिनिटांच्या आत तीन हजार टनांची बोट पाण्याखाली गेली. नाळ आधी गेली, मागची बाजू वर उचलली गेली. होड्या नीट सोडायला सवड मिळाली नाही. जे वाचले ते पाण्यावर तरंगत्या होड्या, फळकुटे, कोंबड्यांचे खुराडे, जे हाताला लागले त्याला धरून वाचले.

बळींचा आकडा १३३ किंवा १३४ असा छापला जातो. बोटीवरची जवळपास निम्मी माणसे. शांत समुद्रात, चांदण्यात, बंदर जवळ असताना.

मरणाऱ्यांत गोऱ्या प्रवाशांचे प्रमाण फार मोठे होते, विशेषतः स्त्रियांचे आणि मुलांचे. खलाशी आणि जावानी मजूर त्यामानाने अधिक वाचले. याचे कारण साधे आहे. ज्याने जास्त पैसे मोजले त्याची जागा आत, खोलीत, दाराआड. रात्री मुले झोपली होती. त्यांच्या आया त्यांना उचलायला खाली धावल्या आणि पाच मिनिटांत परत वर येणे झाले नाही. ज्याने कमी पैसे मोजले तो उघड्या डेकवर झोपला होता आणि पाणी त्याच्या उशाशी होते. खलाशी कामावर होते, जागे होते, पाण्याच्या सवयीचे होते. कुणी शूर आणि कुणी भित्रा असा हा प्रश्न नव्हता. कुणाला बोटीवर कुठे झोपायला जागा दिली होती, एवढाच होता.

किनाऱ्याला लागलेले

वाचलेले काही जण माउंट ॲडॉल्फसच्या बेटांवर पोचले. तिथे प्यायला पाणी नव्हते. कप्तान सँडर्स यांची होडी मुख्य भूमीवरच्या सॉमरसेट येथे गेली, जिथे फ्रँक जार्डिन यांचे घर होते. तिथून बातमी पुढे गेली आणि थर्सडे आयलंडहून सरकारी आगबोट ‘आल्बट्रॉस’ शोधाला निघाली.

‘आल्बट्रॉस’ला समुद्रात एक मुलगी पोहताना सापडली. एमिली लेसी, वय १६. दीड दिवसाच्या आसपास ती पाण्यात होती. उन्हाने अंग भाजले होते. तिच्याबरोबर निघालेली तिची बहीण वाचली नव्हती. बोटीवरच्या गोऱ्या स्त्रियांपैकी वाचलेली दुसरी मोठी मुलगी म्हणजे ॲलिस निक्लिन. आणि एक तान्ही म्हणावी इतकी लहान पोर वाचली, जिचे आईवडील कोण ते सांगायला कुणी उरले नाही. थर्सडे आयलंडच्या कप्तान ब्राउन यांच्या घरी ती वाढली. तिला नाव मिळाले क्वेट्टा ब्राउन. आईवडिलांनी ठेवलेले नाव बुडाले आणि बोटीचे नाव तिला लागले.

पुढे क्वीन्सलंडच्या सागरी मंडळाने चौकशी केली. कप्तान आणि पायलट दोघेही वाचले होते. खडक नकाशात नसल्याने दोघांवरही दोष ठेवला गेला नाही. खडक शोधून काढला गेला, नकाशात घातला गेला आणि त्याला बोटीचे नाव दिले गेले.

थर्सडे आयलंडचे मूळ नाव वायबेन. मोत्याच्या शिंपल्यांच्या व्यापारामुळे जपानी, मलायी, सिंहली, गोरे आणि टॉरेस बेटांचे मूळ रहिवासी, असे सगळे तिथे नांदत होते. १८९३ मध्ये तिथे ‘क्वेट्टा’च्या बळींच्या स्मरणार्थ चर्च बांधले गेले. ते आजही उभे आहे. बोटीवरच्या काही वस्तू त्यात जपल्या आहेत. त्यांत प्रवाळाचे थर चढलेली एक गोल खिडकीही आहे. एवढ्याशा बेटाने एवढे मोठे स्मारक उभे केले, याचा आदरच वाटतो.

पण वर्तमानपत्रांत बळींच्या याद्या छापल्या तेव्हा गोऱ्या प्रवाशांची नावे आली, कोण कुणाची पत्नी, कोण कुठल्या गावचा, ते आले. खलाशी आणि जावानी यांचा आकडा आला. हे कुणी मुद्दाम दुष्टपणे केले असे नाही. ती तेव्हाची रीतच होती. जे बोटीचे गिऱ्हाईक ते माणूस आणि जे बोटीचे कामकरी ते सामानाच्या यादीसारखे, संख्येत.

ही रीत जुनी होती

‘क्वेट्टा’च्या ९३ वर्षे आधी, फेब्रुवारी १७९७ मध्ये, कोलकात्याहून सिडनीला निघालेले ‘सिडनी कोव्ह’ हे शिडाचे जहाज बासच्या सामुद्रधुनीत फुटले. सिडनीला कळवायला सतरा जण एका मोठ्या होडीतून निघाले. त्यांतले बारा लास्कर होते. होडीही आजच्या व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर फुटली. मग ते पायी निघाले, सुमारे ७०० किलोमीटर. वाटेत मूळ रहिवाशांनी त्यांना मासे दिले, नद्या ओलांडून दिल्या. मे महिन्यात सिडनीजवळ तिघेच जिवंत सापडले. विल्यम क्लार्क, जॉन बेनेट आणि ‘एक लास्कर’. तिघे एकाच वाटेने चालले, एकच भूक सोसली. दोघांची नावे इतिहासात आहेत. तिसरा ‘एक लास्कर’ एवढाच.

आपल्याकडेही याच काळात असेच झाले. नोव्हेंबर १८८८ मध्ये, म्हणजे ‘क्वेट्टा’च्या सव्वा वर्ष आधी, कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. आपल्या नदीचे नाव घेतलेली बोट. तिच्यावरच्या विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेहून अधिक माणसे होती असे मानतात. कुणीही परत आले नाही. त्यांचाही आकडा नक्की नाही, कारण बोटीवर चढणाऱ्या साध्या माणसांची नावे कुणी लिहून घेतलीच नव्हती. आणि १७ जुलै १९४७ ला, दिव्याच्या अवसेच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेहून अधिक लोकांना घेऊन बुडाली, ती कोकणातली माणसे अजून विसरलेली नाहीत. ‘रामदास’ आठवते, कारण घराघरांतून नावे आठवणारे होते. स्मारक दगडाचे नसले तरी चालते. नाव घेणारे कुणीतरी असावे लागते.

मग हजेरी कधी घेतली गेली?

आम्ही प्राथमिक शाळेत शिकवतो. आमचा दिवस हजेरीने सुरू होतो. नाव घ्यायचे, “हजर” ऐकायचे, पटावर खूण करायची. तीस-बत्तीस वर्षे हे काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते. ज्याचे नाव रोज घेतले जाते ते मूल न आले तर लगेच लक्षात येते. ज्याचे नाव घेतलेच जात नाही त्याची गैरहजेरीही कुणाला कळत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात या खलाशांची हजेरी कधी घेतली गेली, असा प्रश्न आम्हाला पडला. उत्तर सापडले ते ‘क्वेट्टा’नंतर अकरा वर्षांनी झालेल्या कायद्यात.

१९०१ मध्ये वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलिया हा एक देश झाला. त्याच वर्षी प्रवेशबंदीचा कायदा झाला. अधिकाऱ्याने नको असलेल्या माणसाला कुठल्याही युरोपीय भाषेत ५० शब्दांचे शुद्धलेखन घालायचे आणि तो नापास झाला की परत पाठवायचे. शुद्धलेखन हे आम्हा शिक्षकांचे साधन. मुलाला पुढे नेण्यासाठी ते असते. इथे ते दार लावण्यासाठी वापरले गेले. ही परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात होती.

त्याच कायद्यात बोटीवरच्या खलाशांसाठी वेगळी तरतूद होती. बोट बंदरात आहे तोवर खलाशाला उतरता येई. पण बोट सुटण्यापूर्वी जकात अधिकाऱ्यापुढे सगळ्या खलाशांची हजेरी घ्यावी लागे. कुणी कमी भरला तर तो बेकायदा प्रवेश करणारा ठरे. म्हणजे हजेरी घेतली जात होती. माणूस बुडाला का हे पाहण्यासाठी नव्हे, तर माणूस इथे राहिला तर नाही ना हे पाहण्यासाठी.

१९०१ च्याच टपाल आणि तार कायद्यात आणखी एक कलम होते. ऑस्ट्रेलियाचे टपाल नेण्याचा करार ज्या बोटींवर फक्त गोरे कामगार असतील त्यांच्याशीच करायचा. ‘क्वेट्टा’ ही टपालाचीच बोट होती. जे हात लंडनहून ब्रिस्बेनपर्यंत पत्रांच्या थैल्या आणत होते, त्या हातांना आता पत्रेसुद्धा उचलता येऊ नयेत, असा हा कायदा. तरीही पी अँड ओ च्या बोटींवर लास्कर राहिले, कारण ते स्वस्त होते. ते सिडनीला येत राहिले, फ्रीमँटलला येत राहिले. धक्क्यावर उतरत, बाजारात काही घेत आणि हजेरीला परत जात.

या लोकांनी आपली बाजू कधी मांडली नाही, असे मात्र नाही. १९४५ च्या ऑगस्टमध्ये युद्ध थांबले आणि इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले. डच बोटी ऑस्ट्रेलियाच्या बंदरांतून शस्त्रे घेऊन जावाकडे निघाल्या. इंडोनेशियाच्या खलाशांनी काम थांबवले, ऑस्ट्रेलियाच्या गोदी कामगारांनी माल भरायला नकार दिला आणि हिंदी खलाशीही त्या बोटींवरून उतरले. सिडनीत त्यांची संघटना होती. योरिस इव्हेन्स या डच दिग्दर्शकाने त्यावर १९४६ मध्ये ‘इंडोनेशिया कॉलिंग’ हा चित्रपट केला. त्यात या खलाशांचे चेहरे दिसतात. १८९० मध्ये ‘क्वेट्टा’च्या डेकवर जावानी मजूर आणि हिंदी खलाशी एकत्र पाण्यात पडले होते. ५५ वर्षांनी त्याच दोन देशांची माणसे सिडनीच्या धक्क्यावर एकमेकांसाठी उभी राहिली. हा इतिहास आमच्या मुलांनी वाचावा.

आगमन म्हणजे काय?

शताब्दी साजरी करताना आपण ‘आले’ हा शब्द वापरतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘आले आणि राहिले’ असा असतो. ज्यांना कागद मिळाला, ज्यांनी घर केले, ज्यांच्या मुलांची नावे शाळेत घातली गेली, त्यांच्यापासून आपण मोजतो. ते बरोबरच आहे. त्यांच्या कष्टांवर आपले आजचे गणेशोत्सव, आपल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा उभ्या आहेत. त्यांचा मान कमी करावा असे आम्ही म्हणत नाही.

पण आपल्या किनाऱ्यावरची माणसे त्याच्या कितीतरी आधीपासून या देशाच्या बंदरांत येत होती. दरवर्षी, दर बोटीबरोबर. त्यांना राहू दिले गेले नाही, म्हणून ते ‘आलेच नाहीत’ असे होत नाही. आपण आज जी हक्काने नागरिकत्वाची शपथ घेतो, तिच्या मागे १९०१ ते १९५८ चे बंद दार आहे आणि त्या दाराशी दर महिन्याला येऊन परत जाणारे सारंग, टंडेल आणि भंडारी आहेत. त्यांना वगळून मांडलेला आपला हिशोब अपुरा राहील. आणि जे इतरांनी आपल्या माणसांच्या बाबतीत केले, तेच आपण त्यांच्या बाबतीत केल्यासारखे होईल.

म्हणून या वर्षी काही साधी कामे हाती घ्यावीत, असे आम्हाला सुचवावेसे वाटते.

पहिले काम घरातले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, मुरुड-जंजिरा, गोवा इकडच्या ज्या कुटुंबांत कुणी आजोबा-पणजोबा बोटीवर होते, त्यांनी जुन्या पेट्या उघडाव्यात. खलाशाची नोंदवही, पगाराची चिठ्ठी, परदेशातून आलेले पत्र, बंदराचे नाव लिहिलेला फोटो, जे असेल ते. मुसलमान, कोळी, भंडारी, गाबीत, ख्रिश्चन, समुद्रावर गेलेली माणसे सगळ्या समाजांतली होती आणि त्यांतल्या पुष्कळ घरांची बोली कोकणी-मराठीच होती. आपली स्मरणिका त्यांच्याशिवाय पूर्ण होणार नाही.

दुसरे काम कागदपत्रांचे. न्यू साउथ वेल्सच्या अभिलेखागारात सिडनीत येणाऱ्या बोटींवरील खलाशांच्या आणि प्रवाशांच्या याद्या आहेत. १८४५ ते १९२२ पर्यंतच्या याद्या उतरवून काढण्याचे मोठे काम तिथे स्वयंसेवकांनी केले आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात प्रवेशबंदीच्या कायद्याखालची हजारो प्रमाणपत्रे आहेत. त्यांवर माणसाचा समोरून आणि बाजूने काढलेला फोटो आणि हाताच्या पंजाचा ठसा असतो. यादीत सारंग, तांडेल, मापारी, मुकादम अशी नावे इंग्रजी कारकुनाने वेडीवाकडी लिहिलेली भेटतात, तेव्हा ती ओळखायला मराठी कान लागतो. हे काम आपणच करू शकतो. आपल्या मोठ्या मुलांना एका सुट्टीत ते द्यावे.

तिसरे काम अगदी छोटे. २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. मुले कविता म्हणतात, नाटुकली होतात. ‘क्वेट्टा’ बुडाली ती २८ फेब्रुवारीला, म्हणजे बरोबर दुसऱ्या दिवशी. त्या कार्यक्रमात एका मुलाने नकाशापुढे उभे राहून केप यॉर्कवर बोट ठेवावे आणि पाच मिनिटे ही गोष्ट सांगावी. पाच मिनिटांहून जास्त नको. बोट बुडायला तेवढाही वेळ लागला नव्हता. मग सभागृहात ज्यांच्या घरचे कुणी समुद्रावर गेले असेल त्यांनी उठून त्या माणसाचे नाव मोठ्याने घ्यावे. एखाद्या वर्षी चारच नावे निघतील, एखाद्या वर्षी चाळीस. ती नावे वहीत लिहून ठेवावीत आणि पुढच्या वर्षी आधी ती वाचून मग कार्यक्रम सुरू करावा.

वही आम्ही आणून ठेवली आहे. पहिले पान अजून कोरे आहे.